भाकरी कमी केली की भूक वाढते, की मरते?

"डॉक्टर म्हणाले, भात बंद करा, चपात्या दोनच खा. आठ दिवस केलं. पण दुपारी चारला पोटात नुसता खड्डा पडतो. मग हाताला लागेल ते खाल्लं जातं." साखर तपासून आलेल्या घरांत हे हमखास ऐकू येते. शेजारच्याच घरात मात्र कोणी सांगते, "मी भात कमी केला, तर आता पूर्वीसारखी भूकच लागत नाही." दोघेही खरे बोलत असतात. मग एकाची भूक वाढली आणि दुसऱ्याची कमी झाली, असे का? या महिन्याच्या पानावर एवढेच नीट समजून घेऊ.

हा प्रश्न आपल्या वस्त्यांसाठी किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. "तो श्रीमंतांचा रोग, आम्ही तर बारीक" हा समज आता सोडला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे लहान, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. म्हणजे दिसायला बारीक माणूसही आतून चरबीचा असू शकतो, आणि मधुमेह त्याच्याही वाट्याला येतो. बाबासाहेबांनीही आयुष्याची शेवटची वर्षे मधुमेहाशी झुंजत काढली. हा आजार काय करतो, हे आपल्या घरांना नवे नाही.

पिष्टमय पदार्थ कशाला म्हणायचे?

तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नागली, मैदा, रवा, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ या सगळ्यांत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. पोटात त्यांची साखर होते आणि ती रक्तात जाते. एका वाटी भातात सुमारे 40 ग्रॅम, एका मध्यम चपातीत सुमारे 20 ग्रॅम आणि एका मोठ्या भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग असतो.

आता आपला एक दिवस आठवून पाहा. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि पाव किंवा खारी. डब्यात तीन-चार चपात्या आणि बटाट्याची भाजी. सातपूर-अंबडच्या कारखान्यातून सुटल्यावर नाक्यावर वडापाव. रात्री भात आणि पातळ आमटी. मधले चहा वेगळेच. पोट दिवसभर भरलेले असते, पण भरलेले असते ते जवळजवळ एकाच वस्तूने.

भूक लागते म्हणजे काय होते?

भूक म्हणजे पोट रिकामे होणे, एवढेच नाही. मेंदूला तीन-चार ठिकाणांहून निरोप येत असतात.

पहिला निरोप जठराच्या ताणाचा. पोट फुगले की "पुरे" असा निरोप जातो. पालेभाजी, काकडी, पातळ आमटी यांनी कमी कॅलरीत पोट ताणले जाते. खारी, फरसाण, बिस्किटे यांनी पोट ताणले जायच्या आधीच भरपूर कॅलरी आत गेलेल्या असतात.

दुसरा निरोप घ्रेलिन नावाच्या रसाचा. तो जठरात तयार होतो आणि भूक चेतवतो. त्याचे वैशिष्ट्य असे की तो सवयीच्या वेळेवर वाढतो. रोज चारला वडापाव खाणाऱ्याला चारलाच भूक लागते, दुपारचे जेवण कितीही झालेले असो. खाणे बदलल्यावर पहिले काही दिवस जास्त जड जातात, त्यामागे ही सवयही असते. ती हळूहळू मोडते.

तिसरा निरोप आतड्यांचा. प्रथिने, म्हणजे डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मटण, दूध यांतला बांधणीचा भाग, आतड्यात पोहोचला की तृप्तीचे रस जास्त आणि जास्त वेळ सुटतात. हे व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. म्हणून भराभर जेवणाऱ्याला "पुरे" हा निरोप उशिरा मिळतो.

चौथी गोष्ट रक्तातल्या साखरेची. पाव, साखरेचा चहा, पांढरा भात असे नुसतेच खाल्ले की रक्तातली साखर झपाट्याने चढते. ती उतरवायला शरीर इन्सुलिन सोडते. काही जणांची साखर मग दोन-तीन तासांनी आधीच्या पातळीच्याही खाली घसरते. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 1,070 लोकांवर केलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची साखर अशी जास्त घसरली, त्यांना पुढची भूक लवकर लागली आणि दिवसभरात त्यांनी इतरांपेक्षा सुमारे 300 कॅलरी जास्त खाल्ल्या. "आत्ताच तर खाल्लं, परत कशी भूक लागली?" याचे एक उत्तर येथे आहे.

मग पिष्ट कमी केले की भूक मरते का?

मरते, पण प्रत्येक वेळी नाही. काही अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहू.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मधुमेह असलेल्या दहा स्थूल व्यक्तींना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले. बाकीचे हवे तेवढे खा, असे सांगितले. ते आपणहूनच दिवसाला सुमारे 1,000 कॅलरी कमी खाऊ लागले, आणि त्यांनी जास्त भूक लागल्याची तक्रार केली नाही. हा अभ्यास 2005 सालचा. एवढेच वाचले तर वाटेल, भात-भाकरी हीच भुकेची शत्रू.

पण त्याच वर्षी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 19 लोकांच्या जेवणातला पिष्टमय भाग होता तेवढाच ठेवला, निम्मा. तेल-तूप कमी करून प्रथिने मात्र दुप्पट केली. तरीही ते लोक दिवसाला सुमारे 440 कॅलरी कमी खाऊ लागले आणि त्यांना जास्त तृप्त वाटले. म्हणजे भाकरी कमी न करताही भूक उतरली. काम केले ते प्रथिनांनी.

तिसरा अभ्यास 2021 सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 लोकांना दोन आठवडे अगदी कमी पिष्ट आणि भरपूर चरबी असलेले जेवण दिले, आणि दोन आठवडे भरपूर पिष्ट पण फार कमी चरबी असलेले, भाज्या-कडधान्यांचे जेवण दिले. हवे तेवढे खायची मुभा दोन्ही वेळा होती. लोकांनी कमी खाल्ले ते दुसऱ्या, म्हणजे भरपूर पिष्टाच्या जेवणात, दिवसाला सुमारे 690 कॅलरींनी कमी! भूक मात्र दोन्हीकडे सारखीच होती. कमी पिष्टाच्या जेवणाने रक्तातली साखर कमी राहिली, हा त्याचा फायदाही तेवढाच खरा.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात 1995 साली 38 पदार्थ सारख्याच कॅलरीचे देऊन पाहिले की कोणता पदार्थ पोट जास्त वेळ भरलेले ठेवतो. पहिला आला उकडलेला बटाटा. पांढऱ्या पावाच्या तिपटीहून अधिक तृप्ती त्याने दिली. बटाटाही पिष्टमयच, पावही पिष्टमयच. फरक पाण्याचा, वजनाचा आणि किती दळले-भरडले याचा. तोच बटाटा तळून पावात घातला की गणित पालटते.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: भाकरी ताटातून गेल्याने भूक मरत नाही. भाकरीच्या जागी काय आले, त्यावर भूक ठरते. जागा रिकामी राहिली तर चारला खड्डा पडणारच. तिथे उसळ, अंडे, डाळ, पालेभाजी आली तर तीच व्यक्ती म्हणेल, "आता पूर्वीसारखी भूक लागत नाही." सुरुवातीच्या दोन शेजाऱ्यांतला फरक बहुधा हाच असतो.

भात सोडून चपाती?

बरेच जण भात सोडतात आणि चार चपात्या खातात. आयसीएमआरच्याच 2025 साली प्रसिद्ध झालेल्या आहाराच्या पाहणीत दिसले की भारतीय माणसाच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येते, प्रथिनांतून फक्त 12 टक्के. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. थोडे पिष्ट काढून त्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे आणले, तेव्हा तो कमी दिसला. पेठ-सुरगाण्याची नागली, सिन्नर-येवल्याची बाजरी खाणे चांगलेच. त्यांत तंतू आहेत, नागलीत कॅल्शियम आहे. पण "बाजरीची आहे" म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच.

दिवसातून दोनदाच जेवण

महाराष्ट्रात हा विषय घराघरात नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून त्यांनी सांगितले: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, चहा बिनसाखरेचा घ्या. अनेकांना याचा गुण आला. त्याचे एक साधे कारण दिसते. मधले पाच गोड चहा, बिस्किटे, वडापाव सगळे एकदम बंद होते आणि घ्रेलिनलाही नव्या दोन वेळांची सवय लागते. पण दोन जेवणांतही ताट नुसत्या भाताचेच असेल तर फायदा अर्धाच. शिवाय उन्हात ओझी उचलणारे, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

रेशनचे ताट

येथे कोणी म्हणेल, "बदाम-पनीर खाणाऱ्यांचे सल्ले आम्हाला काय कामाचे?" प्रश्न रास्त आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. दिवसाला ते 167 ग्रॅमच्या आसपास भरते. त्यातून सुमारे 575 कॅलरी आणि फार तर 18 ग्रॅम प्रथिने मिळतात. 55 किलो वजनाच्या माणसाला प्रथिने लागतात दिवसाला 45 ग्रॅमहून अधिक. कायद्याच्या हक्कात तांदूळ, गहू, भरडधान्य आहे, डाळ नाही. म्हणजे जे स्वस्त मिळते तेच पोटात जाते, आणि ते पिष्ट असते. हा आपल्या जिभेचा दोष नाही. रेशनवर डाळ मिळावी ही मागणी आरोग्याचीच मागणी आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या ताटात धान्य कमी आणि इतर गोष्टी बऱ्याच होत्या. रानभाज्या, हुलगे, सुकट, वजडी, वाळवलेल्या चान्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या अशा जेवणाची नोंद करून ठेवली आहे. ते जेवण लादलेल्या गरिबीतून आले होते, त्याचे गोडवे गायचे कारण नाही. पण त्यात प्रथिने होती, हेही खरे. 2015 साली राज्यात बैलाच्या मांसावरही कायद्याने बंदी आली आणि स्वस्त प्रथिनांची एक वाट बंद झाली. मग उरलेल्या वाटा नीट वापरल्या पाहिजेत.

- एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने.
- मूठभर (30 ग्रॅम) शेंगदाण्यांत सुमारे 7 ग्रॅम. त्यात तेलही असते, म्हणून मूठभरच.
- 50 ग्रॅम कोरड्या मटकी, हरभरा किंवा मसुरीच्या उसळीत 10 ते 12 ग्रॅम.
- 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सुमारे 25 ग्रॅम.
- सुके बोंबील आणि सुकट यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने. पण मीठ फार, म्हणून दोनदा धुऊन घ्यावे. रक्तदाब असलेल्यांनी क्वचितच खावे.

नाशिकची मिसळच घ्या. मटकीची उसळ हा त्यातला सोन्याचा भाग. उसळ दुप्पट, फरसाण चिमूटभर, कांदा-लिंबू भरपूर, तर्री बेताची आणि पाव दोनऐवजी एक. त्याच मिसळीने पोट दुपारपर्यंत शांत राहते.

राजा पसेनदीचा भात

संयुत्तनिकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी दोणभर, म्हणजे मोठे मापभर, भात खात असे. असाच जेवून, धापा टाकत तो तथागतांच्या भेटीला आला. तथागतांनी त्याला भात सोडायला सांगितले नाही. भोजनाचे प्रमाण ओळखून सावधपणे जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो, असा उपदेश गाथेतून केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितले. अट्ठकथेत पुढची युक्ती येते. राजाचा शेवटचा घास आला की तरुणाने गाथा म्हणायची, आणि त्या घासात जेवढी शिते, तेवढा तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवायचा. असे करत राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला.

आजच्या आहारशास्त्राला मान्य होईल असेच हे आहे. एकदम बंद केले तर भूक बंड करते. घासाघासाने कमी केले तर ती शिकते. आणि जेवताना लक्ष जेवणावर असावे लागते. मोबाईल पाहत जेवणाऱ्याला आपला शेवटचा घास कोणता, हेच कळत नाही.

घरी काय करायचे?

1. आधी चहातली साखर. पाच चहांना दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला दहा चमचे, 40 ते 50 ग्रॅम साखर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा.
2. एक भाकरी किंवा एक वाटी भात कमी करायचा असेल, तर आधी त्या जागी एक वाटी घट्ट डाळ, उसळ किंवा दोन अंडी ठेवा. पर्याय हाताशी नसेल त्या दिवशी भाकरी कमी करू नका.
3. आधी काकडी-कांदा-पालेभाजी आणि उसळ, शेवटी भात-भाकरी. अमेरिकेत 2015 साली मधुमेहाच्या 11 रुग्णांवर केलेल्या प्रयोगात तेच जेवण या क्रमाने दिल्यावर तासाभरानंतरची साखर एक तृतीयांशाहून अधिक कमी आली. याला एक पैसाही लागत नाही.
4. चारच्या भुकेसाठी डब्यात उकडलेले हरभरे किंवा शेंगदाणे ठेवा.
5. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा झोप पुरी करावी. झोप कमी झाली की घ्रेलिन वाढते आणि गोड, पिठूळ खायची ओढ लागते.
6. घरातल्या बाईने शेवटी उरलेला भात आणि आमटीचे पाणी खायचे, ही रीत मोडा. उसळ आणि अंडे तिच्या ताटातही आधीच वाढा. साखर तिलाही होते.

हे कोणी आपल्या मनाने करू नये?

लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, क्षयाचे रुग्ण आणि वजन आधीच कमी असलेले यांनी भाकरी कमी करायची नाही. प्रथिने मात्र वाढवायची. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने किती खावीत हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्यांनी एकदम भात-भाकरी कमी केली किंवा वर्षावासात अष्टशील धरून संध्याकाळचे जेवण सोडले, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उपोसथ धरण्याआधी औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. शील पाळायचे तर शरीर सांभाळूनच.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर तपासावी. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असेल तर ठीक, 100 ते 125 म्हणजे सावध व्हा, 126 किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू करा.

या महिन्याचा अभ्यास

सात दिवस वहीत तीनच गोष्टी लिहा: काय खाल्ले, ताटात प्रथिनाचा पदार्थ कोणता होता, आणि पुन्हा भूक किती तासांनी लागली. पुढच्या पौर्णिमेला विहारात वह्या घेऊन बसा आणि एकमेकांच्या पाहा. कोणत्या जेवणानंतर भूक उशिरा लागली, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. दुसऱ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पाहून घ्या.